पाय सुजला की आधी टेप, मग लॅब

महोदय,

करोनाच्या साथीत ‘डी-डायमर’ (रक्तातली गुठळी विरघळताना सुटणाऱ्या घटकाची रक्ततपासणी) हा शब्द घरोघरी पोचला आणि तेव्हापासून पाय सुजला की डॉक्टरांना न दाखवताच लॅबमध्ये जाऊन ती तपासणी करून घेणारी मंडळी आमच्याकडे वाढली आहेत. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाल्याचा संशय असेल तर हा क्रम उलटा आहे, हे घरच्या अनुभवावरून लिहीत आहे.

थोरल्या बंधूंच्या घोट्याचे प्लास्टर निघून आठवडा झाला आणि ती पोटरी सुजून दुखू लागली. ‘प्लास्टरची सूज आहे, तेल लावून चोळा’ असा सल्ला मिळाला. वहिनींनी तो मानला नाही हे बरे झाले, कारण चोळल्याने गुठळी सुटून फुफ्फुसात जाण्याची भीती असते. फिजिशियननी आधी शिंप्याकडे असते तशी टेप काढली, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीचा जो उंचवटा हाताला लागतो त्याच्या 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या आणि फरक 4 सेंटिमीटर भरला. अंगठा दाबला तिथे खळगा राहिला.

कॅनडातील डॉ. फिलिप वेल्स यांच्या गुणपद्धतीत नुकतेच झालेले प्लास्टर, 3 सेंटिमीटरहून जास्त फरक, खोल शिरेच्या मार्गावरचा दुखरेपणा आणि असा खळगा यांना प्रत्येकी एक गुण असतो. सुजेचे दुसरे तितकेच संभाव्य कारण दिसत असेल तर दोन गुण वजा होतात. ते वजा करूनही बंधूंचे दोन उरले, आणि दोन उरले की थेट डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी करायची. गुण कमी असतील तेव्हाच डी-डायमर कामाला येते. ती नॉर्मल आली तर गुठळीची शंका सोडता येते. वाढलेली आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण वय, गर्भारपण, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, इतकेच काय, मोडलेले हाडसुद्धा ती वाढवते.

डॉप्लरच्या वेळी मी शेजारीच उभा होतो. प्रोब दाबला की निरोगी शीर पडद्यावर चपटी होऊन मिटते. गुडघ्यामागची शीर काही केल्या मिटेना. त्याच दिवशी रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले.

आमच्या एका शेजाऱ्यांची डॉप्लर जांघेपासून फक्त गुडघ्यापर्यंतच झाली, पोटरीची झालीच नाही, आणि नॉर्मल आली. पोटरीतली गुठळी नंतर वर वाढू शकते, म्हणून संशय कायम असेल तर अशी तपासणी आठवडाभरात पुन्हा करतात. हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सोनोग्राफी केंद्रांनी पुढच्या तपासणीची तारीख रिपोर्टवरच छापावी, एवढी विनंती आपल्या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोचावी.

आपला,
एक वाचक, सातारा