सहा लाख ओळी आणि काकूंची वही

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

नाव लिहिलंस तर बोलणार नाही, असा तुमचा दम आहे. म्हणून नुसतं काकू. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच.

थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये नवऱ्यानं आणि मी हौसेनं डीएनए चाचणीसाठी नळीत थुंकून दिलं होतं. पूर्वज दक्षिण आशियातले निघाले. त्यासाठी पैसे मोजायची गरज नव्हती. मग कच्च्या डेटाची फाइल उतरवून मी भलत्याच एका संकेतस्थळावर चढवली आणि तिथे बीआरसीए२ या जीनसमोर धोक्याची लाल खूण आली. या जीनमधल्या बिघाडानं स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. माझ्या मावशीला चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला होता. त्या रात्री साडेअकराला मी तुम्हाला फोन केला आणि धड बोलूही शकले नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही थालीपिठांचा डबा आणि एक दोनशेपानी वही घेऊन आलात. लाल खुणेकडे बघितलंसुद्धा नाहीत. म्हणालात, "आधी दुधाचं बघू." फाइलमध्ये सहा लाखांवर ओळी, प्रत्येकीत चार रकाने: खुणेचा क्रमांक, गुणसूत्र, त्यावरची जागा आणि दोन अक्षरं. दूध पचण्याशी जोडलेली आरएस ४९८८२३५ ही ओळ शोधली तर माझ्याकडे ‘जीजी’. इंटरनेटवर मात्र सगळीकडे सी आणि टी. मी म्हटलं, फाइलच चुकली! तुम्ही वहीत शिडी काढलीत. डीएनएच्या दोन पट्ट्या, जीसमोर सी, एसमोर टी. फाइल एका पट्टीवरून लिहिलेली, संशोधकांनी दुसरीवरून वाचलेलं. माझं जीजी म्हणजेच सीसी, म्हणजे मोठेपणी दूध पचवणारा तो बदल माझ्यात नाही. कोजागिरीचं मसाला दूध मला का बाधतं ते कळलं. नवऱ्याचं ‘एजी’ निघालं. तो अजूनही ग्लास भरून पितो आणि माझ्याकडे बघून हसतो.

मग लाल खूण. मी म्हटलं, एवढ्या ओळी तपासल्यात, खोटं कसं असेल? तुम्ही भागाकार मांडलात. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं, कंपनीच्या चाचणीतली चिप वाचते त्यातली सहा लाख. पाच हजारांत एक. "इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही गं." शिवाय चिप अक्षरं वाचत नाही, रंगाची चमक मोजते आणि हजारो लोकांच्या चमकेचे पुंजके पाडून तुम्ही कुठल्या पुंजक्यात ते ठरवते. बदल नेहमीचा असेल तर पुंजके स्पष्ट पडतात. लाखात एखाद्यालाच असणारा असेल तर पुंजकाच नसतो, आणि कुठलाही भरकटलेला ठिपका ‘सापडला’ म्हणून लागतो. ब्रिटनमधल्या सुमारे ५०,००० लोकांवरचा २०२१ सालचा अभ्यास तुम्ही दाखवलात: लाखात एकाहूनही दुर्मिळ असे चिपला सापडलेले बदल सिक्वेन्सिंगने, म्हणजे अक्षरं ओळीनं वाचून, पडताळले, तर त्यांतले ८४ टक्के तिथे नव्हतेच.

मला वाटलं, सुटले. तुम्ही लगेच कान धरलात. मावशीचा इतिहास आहे, तेव्हा चिपनं काही म्हणो, जनुकीय समुपदेशकाकडे जायचं आणि दवाखान्यातून रीतसर सिक्वेन्सिंग करायचं. कंपनीच्या स्वतःच्या रिपोर्टात बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जीन्सपुढे ‘काही आढळलं नाही’ होतं, त्यावरही भरवसा ठेवू दिला नाहीत. २०१८ साली अमेरिकेत घरबसल्या करायच्या ज्या चाचणीला मंजुरी मिळाली ती तीनच बदल बघायची, तेही मुख्यतः अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यू लोकांत आढळणारे. घातक ठरलेले बदल हजारो आहेत. सांगलीच्या मावशीच्या भाचीला त्या तिघांचा उपयोग किती?

रीतसर तपासणीत तो बदल निघाला नाही. मी पेढे घेऊन तुमच्या दारात, आणि तुम्ही पेढा हातात धरूनच विचारलंत, "मावशीची तपासणी झाली का?" आधी राग आला, खरं सांगते. मग तुम्ही समजावलंत की घरात नेमका कुठला बदल आहे हे आजारी पडलेल्या माणसातच शोधायचं असतं. तो माहीत नसताना माझ्या कोऱ्या रिपोर्टाचा अर्थ अर्धाच.

मावशी आधी नाहीच म्हणाली. "झालं ते झालं, आता काय उकरायचं?" मग तिच्या दोन मुलींचा विषय निघाला, आणि तिने जुने कागद बाहेर काढले. गेल्या महिन्यात रक्त दिलंय. रिपोर्ट यायचाय. आला की आधी तुम्हालाच फोन करीन, आणि या वेळी साडेअकराला नाही.

वही माझ्याकडेच आहे. शिडीचं पान मुलीने रंगवून टाकलंय, रागावू नका.

तुमची,
थालीपिठांचा डबा अजून परत न केलेली