प्रात्यक्षिक छान झाले, पण विहिरीतले पाणी कोण ओढणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान चारवर आमच्या गावच्या अग्निशमन सेवा सप्ताहाचा फोटो पाहिला. ट्रेमध्ये डिझेल पेटवलेले, प्रमुख पाहुण्यांच्या हातात पावडरचा लाल सिलिंडर, मागे टाळ्या वाजवणारी मंडळी आणि खाली ओळ : ‘आगीशी सामना करण्यास पालिका सुसज्ज’. फोटो नीट पाहिलात तर पाहुण्यांनी नळी ज्वाळांच्या शेंड्याकडे धरलेली दिसेल. पावडर जाळाच्या बुडाशी मारायची असते. पण ट्रेएवढी आग काय, डिझेल संपले की आपोआप विझते. अभिनंदन.

‘सुसज्ज’ या शब्दाने मात्र माझी रात्रीची झोप घालवली, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या शेतातल्या गोठ्याला आग लागली. वाऱ्याने वरच्या तारा एकमेकींना घासल्या, ठिणग्या कडब्याच्या गंजीवर पडल्या. (त्या लोंबकळणाऱ्या तारांबद्दल दोन वर्षांत तीन अर्ज दिले होते. तारा अजून तशाच आहेत, पण तो विषय आज नको.) 101 लावला तर भलतीकडेच लागला. शेवटी कोणाकडे तरी बंबाच्या ड्रायव्हरचा मोबाइल नंबर निघाला. तालुक्याच्या गावात आग विझवायची खरी यंत्रणा हीच आहे : ड्रायव्हरचा नंबर कोणाकडे आहे?

बंब आला. पोरे धीट होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकाच्या पायात साध्या चपला होत्या, तरी तो धुरात शिरला आणि दावी कापून बैल बाहेर काढले. वासरू राहिले. पण बंबातले पाणी पाहता पाहता संपले. आता भरून आणायचे तर गावातल्या जलकुंभापर्यंत जाऊन यायला पाऊण तास.

संपादक महोदय, गोठ्यापासून चाळीस पावलांवर विहीर आहे. आमचे शिवार जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली येते, कालव्याला पाण्याची पाळी सुटलेली होती, विहिरीत पाणी दहा-बारा फुटांवर चमकत होते. बंबाचा पंप वीस-बावीस फुटांवरूनही पाणी ओढू शकतो. सक्शन पाइप बंबाच्या टपावर बांधलेलाच होता. पोरांनी तो सोडला, विहिरीत टाकला, पंप चालू केला. पंप नुसता घरघरला. पाण्याचा थेंब नाही. वाढवले, कमी केले, पुन्हा वाढवले. इकडे दोन हजार पेंढी कडबा जळतोय, पत्रे तडतडताहेत आणि भरल्या विहिरीच्या काठावर आम्ही सगळे पंपाकडे पाहत उभे.

आमच्याकडे एक जुने सालगडी आहेत. साठी उलटली आहे, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते पुढे झाले. म्हणाले, “आरं लेकरा, हवा काढ की आधी. हवा धरल्यावर पानी कसं वर चढंल?” पोरगा म्हणाला, “मामा, ते कसं काढायचं असतं?” हवा काढायची सोय बंबाला असते म्हणे. ती बंद पडली होती की पोराला ठाऊक नव्हती, देव जाणे. मामांनी वेळ घालवला नाही. पाइपचे तोंड पाहिले, वायसर (वॉशर) वाळून चिरा पडलेल्या. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला, फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या बुडाची झडप) पाण्याखाली आहे याची खात्री केली, पाइपमध्ये बादलीने काठोकाठ पाणी ओतले, तोंड आवळले आणि म्हणाले, “आता लाव.” पाणी आले. शेजाऱ्याची गंज वाचली. माझी नाही.

शेतातली मोटर पाणी सोडते तेव्हा हेच करावे लागते, हे आमच्या भागात दहावी नापास पोरालाही माहीत असते. बंबावरच्या पोराला ते माहीत नव्हते, कारण त्याला कोणी शिकवलेच नव्हते. नंतर चहा पिताना त्यानेच सांगितले की महिन्यापूर्वीपर्यंत तो घंटागाडीवर होता. ठेकेदाराने इकडे माणूस कमी पडतो म्हणून पाठवला. त्याचा राग येत नाही. राग येतो तो ‘सुसज्ज’चा.

राज्याचे अग्निशमन प्रशिक्षण केंद्र मुंबईत कलिन्याला आहे. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. फायरमनचा सहा महिन्यांचा रीतसर कोर्स असतो. अकरा महिन्यांच्या ठेक्यावरच्या पोराला तिकडे कोण पाठवणार, हे मला कळते. पण आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन चढायच्या आत, बंब जवळच्या विहिरीवर नेऊन पाणी ओढायचा सराव करायला मुंबईला जावे लागत नाही. होज पाइप धुऊन वाळत घालायला, कपलिंग तपासायला, कोणत्या शिवारात कोणत्या विहिरीपर्यंत गाडी जाते हे ड्रायव्हरने एकदा हिंडून पाहायला किती खर्च येतो? पाहुण्यांच्या हेलिकॉप्टरसाठी बंब हेलिपॅडवर उभा करायला डिझेल मिळते, एवढे आम्हाला दिसते.

बातमीत 14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतल्या जहाजाच्या स्फोटाचा उल्लेख आहे, शहीद झालेल्या अग्निशमन दलाच्या 66 जवानांना अभिवादन केल्याचेही आहे. योग्यच आहे. पण त्या जहाजात स्फोटकांबरोबर कापसाच्या गाठी होत्या आणि आग कापसातच लागली होती, हे पाहुण्यांनी सांगितले असते तर आमच्या जिल्ह्यात त्याला काही अर्थ होता. आमच्याकडे मानवत, सेलूच्या बाजारात कापूस किती येतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. कापसाच्या ढिगाची आग वरून पाणी मारून विझत नाही, आत धुमसत राहते. ढीग फोडून, ओढून काढावा लागतो. ट्रेमधल्या डिझेलऐवजी एक ढीग पेटवून तो फोडायचा सराव दाखवला असता तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

आता लिहितोच आहे तर आणखी एक. आपल्या बातमीच्या मथळ्यात ‘अग्नीशमन’ असे छापले आहे. अग्नी एकटा असला तर नी दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व : अग्निशमन, अग्निशामक, अग्निपरीक्षा. मी एकतीस वर्षे आठवीच्या वर्गाला हे शिकवले. बंबाच्या दारावरही तीच चूक रंगवलेली आहे, पण पेंटरला मी माफ करतो. तो मुद्रितशोधक नाही. आपल्याकडे तो अजून असतो ना? की त्यालाही ठेकेदाराने दुसरीकडे पाठवला?

माझे शेत पालिकेच्या हद्दीबाहेर असल्यामुळे बंब आल्याचे शुल्क मला भरावे लागले. भरले, पावती जपून ठेवली आहे, वाद नाही.

गेल्या गुरुवारी बाजाराला गेलो होतो, तेव्हा बंब उभा असतो तिथे सहज डोकावलो. सप्ताहासाठी धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून ठेवला होता. टपावर सक्शन पाइप होता. त्याच्या तोंडात मामांनी बसवलेला ट्यूबचा तुकडा अजून तसाच आहे.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, जि. परभणी
(नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीत आहे, छापू नये.)