जुनी मालिका परत नको, नवा रोल द्या

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

जुन्या विनोदी मालिका परत आणायच्या, तेच कलाकार घ्यायचे, तोच सोफा मांडायचा आणि तेच टायटल साँग वाजवायचं, अशा बातम्या तुमच्या मनोरंजनाच्या पानावर अधूनमधून येत असतात आणि दरवेळी माझ्या मनात जे येतं ते आज लिहूनच टाकते. त्या कलाकारांवर आमचं प्रेम आहे म्हणूनच सांगते, त्यांना तेच तेच परत करायला लावू नका. नवीन काहीतरी द्या.

आमच्या घरातलीच गोष्ट. आम्ही इंदूरच्या रामबागेतले, आई आता 83 ची. मागे भाचा आला होता, त्याने टीव्हीवर 'धुरंधर' हा हिंदी सिनेमा लावला. ती मारामारी, ते रक्त बघून आई उठली, काठी घेतली आणि आतल्या खोलीकडे निघाली. दारापर्यंत गेली असेल तेवढ्यात पाठीमागून एक आवाज आला आणि ती चौकट धरून तिथेच थांबली. म्हणाली, "अगं, हा तर रेणूचा भाऊ! राजा!" भाच्याला काहीच कळेना, कोण रेणू, कोण राजा. मी बघितलं तर खरंच राकेश बेदी. 'यह जो है ज़िंदगी' या विनोदी मालिकेत ते रेणूचा भाऊ राजा, म्हणजे घरातला मेव्हणा, करायचे. ती दूरदर्शनवर आली 1984 साली, म्हणजे चाळीस वर्षं होऊन गेली, आणि आईने नुसत्या आवाजावरून माणूस ओळखला. परत येऊन बसली आणि पुढचा अख्खा सिनेमा बघितला, मारामारी आली की डोळे मिटायचे आणि भाच्याला विचारायचं, आला का गं तो, अरे आला का तो. तिथे तो मेव्हणा बिव्हणा काही नाहीये, कराचीतला पाताळयंत्री पुढारी आहे, आणि हसतो तेव्हा भीती वाटते. भाच्याच्या वयाची पोरं आता त्यांचे सीन कापून एकमेकांना पाठवतात.

लोक म्हणतात म्हाताऱ्याला लॉटरी लागली, मला ते अजिबात पटत नाही. हा माणूस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, आपल्या तेंडुलकरांनी लिहिलेलं 'मसाज' त्यांनी एकट्याने केलं, त्यात चोवीस वेगवेगळी माणसं ते स्टेजवर एकटे उभी करतात. म्हणजे तयारी सगळी होती, वर्षानुवर्षं होती, पण सिरियलवाल्यांना आणि सिनेमावाल्यांना त्यांच्यात फक्त शेजारी, मेव्हणा आणि बायकोला घाबरणारा नवराच दिसायचा. कॉमेडीचा शिक्का एकदा बसला की बसला.

आणि खरं बघितलं तर कॉमेडी करणाऱ्याला गंभीर काम जास्त चांगलं जमतं असं माझं मत आहे. कुठे थांबायचं ते त्याला कळतं. एक श्वास आधी बोललं की हशा जातो, एक श्वास उशीर झाला तरी जातो, ज्याने हे वर्षानुवर्षं सांभाळलंय तो रडवायच्या सीनमध्ये उगाच आरडाओरडा करत नाही.

दिलीप प्रभावळकरांचंच बघा ना. अल्फा मराठी केबलवर आलं तेव्हा आम्हा इंदूरच्या मराठी घरांना केवढं अप्रूप होतं, त्यात 2001 मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली आणि त्या वेळेला आमच्या वाड्यात कोणी कोणाकडे जायचं नाही, सगळे आपापल्या घरात आबांसमोर. त्यांना परत आबाच करायला लावलं असतं तर आम्ही बघितलंच असतं, प्रेमाने बघितलं असतं, आणि दोन एपिसोडनंतर सोडलं असतं. पण 'दशावतार'मध्ये कोणीतरी त्यांच्यासाठी बाबुली मेस्त्री लिहिला, कोकणातला दशावतारी कलावंत, नजर अधू होत चाललेली आणि तोंडाला रंग लावणं काही सुटत नाही असा. सप्टेंबर 2025 मध्ये सिनेमा आला तेव्हा प्रभावळकर 81 वर्षांचे होते! मी पुण्यात भावाकडे होते तेव्हा थिएटरात बघितला, शेजारी कॉलेजची पोरं होती, पूर्ण वेळ मोबाईल खिशात. नायकाचा बाप म्हणून नाही, नायक म्हणून काम दिलं की असं होतं. 2023 च्या 'बाईपण भारी देवा'चंही तेच, सहा जणी, त्यात रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते, आणि बायका ग्रुप करकरून थिएटरात गेल्या.

अशोक मामांची 'अशोक मा. मा.' लागायची तेव्हाही आम्ही बघायचो. 'हम पांच'चा पाच पोरींमध्ये पिचलेला बाप करणारा माणूस इथे कडक शिस्तीचा म्हातारा झाला, म्हणून बरं वाटायचं. आणि आपल्या जवळच, भोपाळच्या रस्त्याला सिहोर लागतं ना, त्या जिल्ह्यातल्या महोडिया गावात 'पंचायत' या वेबसिरीजचं शूटिंग झालं, तिथे 'मुंगेरीलाल'वाले रघुवीर यादव आणि नीना गुप्ता. नीनाताईंनी 2017 मध्ये स्वतः इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं की मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे, चांगलं काम शोधतेय. एवढ्या मोठ्या बाईला काम मागावं लागलं याचं मला अजून वाईट वाटतं. मागितलं म्हणून मिळालं तरी, पण ज्यांना मागायचा संकोच वाटतो त्यांचं काय?

सतीश शाह ऑक्टोबर 2025 मध्ये गेले. त्याच 'यह जो है ज़िंदगी'मध्ये दर एपिसोडला वेगळा माणूस व्हायचे ते, आज कोणी तर उद्या कोणी. पुढे 'साराभाई'मधला इंद्रवदन तर सगळ्यांचा लाडका, 2017 मध्ये तो परत वेबवर आणला सुद्धा. पण त्या तोडीचा नवीन रोल नंतर कोणी लिहिलेला मी तरी बघितला नाही. गेल्यावर मात्र सगळ्यांनी क्लिपा टाकल्या, आम्हीही टाकल्या.

म्हणून लिहिणाऱ्यांना आणि पैसे लावणाऱ्यांना कळकळीने सांगते की सत्तरीच्या माणसाला नातवाच्या लग्नात अक्षता टाकायला उभं करू नका, त्याचं स्वतःचं काही भांडण, काही हट्ट, काही चूक लिहा. बघणारे आहेत हो, इथे इंदुरात मराठी नाटकं आणणारी आमची 'सानंद' संस्था आहे, तिच्या नाटकाला या एकदा, जिने चढताना धाप लागते तरी माणसं सीट सोडत नाहीत. आणि इथल्या हौशी मंडळांनाही हेच सांगणं आहे, गणपतीत दरवर्षी तरुणांची एकांकिका होते आणि ज्या काकांनी एकेकाळी हॉल हसवून हसवून लोळवला होता त्यांना फक्त नारळ फोडायला बोलावतात.

तुम्हालाही एक विनंती. अशा कोणाला नवीन, मोठं काम मिळालं की ती बातमी आतल्या पानावर कोपऱ्यात देऊ नका, वर द्या आणि जरा मोठ्या अक्षरात द्या. आईला आता बारीक टाईप दिसत नाही आणि मी वाचून दाखवलेलं तिला चालत नाही, पेपर तिला स्वतःच्या हातात लागतो.

आपली नियमित वाचक,
रामबाग, इंदूर