फिजिक्स घ्या, पण गणित सोडू नका

मा. संपादक,
स. न.

बारावीच्या निकालानंतर आलेल्या आपल्या करिअर पुरवणीत बी.एस्सी. फिजिक्सच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या : ‘शिक्षक किंवा संशोधक होता येते.’ ठाण्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी वर्षानुवर्षे हाच विषय शिकवला. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारायचे, “मॅडम, फिजिक्स घेऊन पुढे काय? शिकवण्याच घ्यायच्या ना?” शिकवण्यात कमीपणा नाही, पण हे उत्तर फारच अपुरे आहे. पुढचे रस्ते ठाऊक नसल्यामुळे मुले ते पहिल्याच वर्षी स्वतःच्या हाताने बंद करतात.

ठाणे-पनवेल लोकलच्या टप्प्यातलेच बघा. खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात प्रोटॉन किरणांनी कर्करोगावर उपचार होतात. जिथे रेडिओथेरपी, म्हणजे किरणोपचार, तिथे मेडिकल फिजिसिस्ट लागतोच. अणुऊर्जा नियामक मंडळाचा तसा नियम आहे. माझी एक विद्यार्थिनी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात हे काम करते. सकाळी पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी ती मशीनखाली डिटेक्टर ठेवून किरणांचा डोस मोजते. तफावत तीन टक्क्यांच्या वर गेली, तर कारण सापडेपर्यंत मशीन बंद. गाठीला किती डोस द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो नेमका गाठीवर पडावा आणि शेजारच्या फुप्फुसाला कमीत कमी लागावा, ही आखणी तिची. त्यासाठी एम.एस्सी. फिजिक्स, मग रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदव्युत्तर पदविका आणि वर्षभराची इंटर्नशिप लागते. अशी पदविका असते हे तिला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कळले, तेही कँटीनमध्ये!

पुढे नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने पृथ्वीच्या चुंबकत्वाची सूक्ष्म मोजमापे बिघडतील, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला हलवले गेले. तो वारसा आज ही संस्था चालवते. पनवेलकरांपैकी किती जणांना ती माहीत असेल, देव जाणे.

आणि विमानतळ. विमानांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरच्या भरतीला इंजिनिअर चालतात तसे साधे बी.एस्सी.वालेही चालतात. मात्र पदवीला फिजिक्स आणि गणित दोन्ही हवेत.

खरी गोम इथेच आहे. पदवीच्या नव्या मेजर-मायनर (मुख्य विषय-जोडविषय) पद्धतीत मुले मेजर फिजिक्स घेतात आणि मायनरला ‘स्कोअरिंग’ काहीतरी. गणित नको, टक्केवारी पडते म्हणून. तीन वर्षांनी कंट्रोलरचा फॉर्म भरायला बसले की पात्रतेच्या रकान्यातच गाडी अडते. आयआयटीत एम.एस्सी.ला जायचे तर ‘जॅम’ परीक्षा असते; पण प्रवेश देताना काही ठिकाणी पदवीला गणित होते का, हेही बघतात. जिथे अट नाही तिथेही सुटका नाहीच. क्वांटम मेकॅनिक्सच्या पहिल्या तासाला फळ्यावर गणितातले डिफरन्शियल इक्वेशन येते, आणि मागच्या बाकांवर शुकशुकाट.

पालकांना दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसत्या बी.एस्सी.वर नोकऱ्या मोजक्याच. संशोधनात जायचे तर पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातात. ‘नेट’ परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार आणि घरभाडे भत्ता. कायम जागा थोड्या, रांग मोठी. कोडिंग चांगले जमणाऱ्यांना आयटी आणि बँका घेतात, पण ती वाट सगळ्यांना ठाऊक आहेच.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत पदांच्या नावांसोबत पात्रता आणि परीक्षाही छापाव्यात. बारावीनंतर ‘नेस्ट’ ही प्रवेश परीक्षा दिली तर भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेप्रमाणेच इथे कलिन्याच्या सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेसमध्ये पाच वर्षांच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळू शकतो, हे ठाण्यातल्या किती घरांत माहीत आहे? कॉलेजांनीही मायनर निवडण्याच्या फॉर्मवर, गणित सोडल्यास कोणकोणत्या परीक्षांना बसता येणार नाही, ते ठळक अक्षरांत लिहावे आणि त्याखाली पालकांची सही घ्यावी.

– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे