रिचार्ज मारायच्या आधी हे वाच

प्रिय बाळा,

काल फोनवर म्हणालीस ना, काम सुरू झालंय तर आता मोठा प्लॅनच घेऊन टाकते, तेव्हा तू घाईत होतीस म्हणून बोलले नाही, पण रात्रभर डोक्यात तेच होतं म्हणून लिहितेय.

आधी सेटिंगमध्ये जाऊन मागच्या महिन्यात मोबाइल डेटा किती गेला ते बघ, कुठल्या ॲपने किती खाल्ला तेही तिथेच दिसतं. तू दिवसभर वायफायवर असतेस, तुझं काम म्हणजे मेल, चॅट, फाइली, त्याला लागतो तो डेटा अगदी थोडा असतो गं. खरा डेटा खातो तो व्हिडिओ, एचडीत तासभर बघितलं की एक जीबी किंवा जास्तच. आणि प्लॅन किती दिवसांचा आहे ते नीट वाच, 28 दिवसांचा असेल तर वर्षाला 12 नाही 13 रिचार्ज होतात, स्वस्त वाटलेला प्लॅन तिथेच महाग पडतो. हॉटस्पॉट चालतो का तेही विचारून घे, लॅपटॉपला लागेल तुला.

स्वतःचे टॉवर नसलेल्या छोट्या कंपन्या असतात, मोठ्यांचं नेटवर्क भाड्याने घेऊन विकतात, त्यांना घाबरू नकोस. रेंज त्याच टॉवरची मिळते, फक्त गर्दीच्या वेळी नेट कधीकधी स्लो होतं. पण आधी दुसऱ्या स्लॉटमध्ये किंवा ई-सिमवर छोटा प्रीपेड घेऊन तू बसतेस त्याच खोलीत चालवून बघ, मग नंबर पोर्ट कर. आणि जुना नंबर आधी बंद करायचा नाही हां, चालू नंबरच पोर्ट होतो. घरात रेंज कमी असेल तर वायफाय कॉलिंग चालू कर, म्हणजे कॉल वायफायवरून जातो, फोन आणि कंपनी दोघांनी सपोर्ट केलं पाहिजे एवढंच.

आता ॲपचं. माझा सगळा हिशोब मी एका फुकटच्या ॲपमध्ये ठेवायचे, तुला आठवत असेल. एक दिवस मेल आला की सर्व्हिस बंद होतेय, आणि डेटा बाहेर काढायची सोयच नव्हती त्यात, दोन रात्री बसून हाताने सगळं उतरवलं, तरी जुन्या नोंदी राहूनच गेल्या. ते अजून सलतं मला. म्हणून कुठलंही ॲप घेताना पहिल्या दिवशी एक्सपोर्टचं बटण शोध, सीएसव्ही फाइल, म्हणजे कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल, निघते का बघ, नाही निघाली तर कितीही छान दिसू दे, सोडून दे. हिशोबाला साधी स्प्रेडशीट पुरते, लिबरऑफिस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि नेट नसतानाही चालतं. गूगलवर 15 जीबी फुकट मिळतात पण त्यातच मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं आलं, ते भरलं की मेल येणंच थांबतं आणि क्लायंटला वाटतं तू उत्तर देत नाहीस. फोटोंची कॉपी हार्डडिस्कवर टाकत जा.

ओटीपी एसएमएसवर ठेवण्यापेक्षा जिथे चालतं तिथे ऑथेंटिकेटर ॲप लाव, ते लॉगिनचा कोड फोनवरच बनवतं, दर 30 सेकंदांनी कोड बदलतो आणि त्याला रेंजही लागत नाही, बॅकअप कोड मात्र कागदावर लिहून घरात ठेव. सिमला पिन लाव, म्हणजे फोन चोरीला गेला तरी दुसऱ्या फोनमध्ये घालून तुझे ओटीपी कोणी घेऊ शकणार नाही. पिन 3 वेळा चुकला की पीयूके, म्हणजे सिमचं लॉक उघडायचा कोड, लागतो आणि तो 10 वेळा चुकला तर सिम कायमचं बाद, म्हणून तोही लिहून ठेव. *#06# दाबून 15 आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, पण त्याच कागदावर लिही.

रविवारी फोन करशील तेव्हा डेटाचा आकडा सांग, आपण दोघी बसून प्लॅन बघू. तोवर जुनाच चालू ठेव.

तुझी,
आई