नुसता सवतीमत्सर किती दिवस?

महोदय,

ऐतिहासिक कादंबऱ्यांतला जनानखाना आता वाचवत नाही. पडद्याआड कान लावून बसलेली दासी, दुधाच्या पेल्यात विष आणि दोन सवतींचे टोमणे, एवढ्या भांडवलावर दोनशे पाने सहज निघतात. शालूचे काठ मात्र न चुकता रंगवलेले!

छत्रपती राजारामांच्या पत्नी ताराबाईंचेच बघा. सोयराबाई त्यांच्या सासू आणि आत्याही. सरसेनापती हंबीरराव मोहिते एकीचे भाऊ, दुसरीचे वडील. १६८० मध्ये राजारामांना गादीवर बसवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा हंबीरराव भाच्याला सोडून संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. त्या वेळी ताराबाई पाच-सहा वर्षांच्या. त्या घरात जेवताना काय बोलणे होत असेल, हे एकाही लेखकाला लिहावेसे वाटू नये?

१७०० मध्ये राजाराम सिंहगडावर वारले. पंचविशीतली विधवा, पदरी लहान मुलगा आणि समोर औरंगजेब. हे थोडेफार लिहिले जाते. पण १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या पक्षाने ताराबाईंना कैदेत टाकले, की लेखणी पुन्हा सवतीच्या सुडावर घसरते. कारभारी कुणाकडे वळले, शिक्का कुणाच्या हाती गेला, याची दोन ओळींत बोळवण.

आणि १७५०? पंचाहत्तरीतल्या ताराबाईंनी साताऱ्याच्या किल्ल्यावर छत्रपती रामराजांना कैद केले. आपला नातू म्हणून ज्याला स्वतःच पुढे आणले, त्यालाच! त्या रात्री म्हातारीला झोप लागली असेल का, ते मला वाचायचे आहे.

– एक वाचक