निर्यातीची फाइल लावायला शिकवणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,
शि. सा. न. वि. वि.

यावल तालुक्यातल्या आमच्या लहानशा कारखान्यातून दुबईला गेलेल्या केळीच्या वेफर्सचे पैसे बँकेत जमा झाले, ती जमा शिपिंग बिलाशी (कस्टम्सकडे द्यायच्या निर्यातीच्या कागदाशी) जुळली आणि ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचे बँकेचे ऑनलाइन प्रमाणपत्रही निघाले. व्यवहार असा शेवटच्या कागदापर्यंत पुरा झाल्यावरच तुमचे आभार मानावेत, असे मी ठरवले होते. त्याआधी मानले असते, तर ‘अजून एक कागद राहिला आहे’ असे तुम्हीच म्हणाला असता. पत्र सर्वांसमोर लिहिते आहे, कारण रावेर, यावल, चोपडा भागात कच्च्या केळीचे वेफर्स तळणारे पुष्कळ जण आहेत. त्यांच्या मालात काही उणे नाही. अडते ते कागदांपाशी.

न्हावा शेवा बंदराच्या कामात कस्टम ब्रोकरकडे (व्यापाऱ्यांच्या वतीने सीमाशुल्काचे कागद करणाऱ्याकडे) नोकरी करून तुम्ही निवृत्त झालात आणि गावी परतलात, हे आम्हाला ठाऊक होते. तुम्ही आमचे अर्ज भरून द्याल, अशा अपेक्षेने आम्ही आलो होतो. तुम्ही एकही अर्ज भरून दिला नाहीत. प्रत्येक कागद समोर ठेवून, तो कोण मागतो आणि त्याला त्यातून नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे तुम्ही आम्हालाच विचारत राहिलात. त्या वेळी मला याचा थोडा रागही आला होता, हे आज सांगायला हरकत नाही.

आयईसी (आयात-निर्यातीचा क्रमांक), अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) नोंदणी आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना यांबद्दल फार लिहीत नाही. ही माहिती कोठेही मिळते. मात्र आयईसी एकदा काढला की संपले, असे बहुतेकांना वाटते. त्यातील माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात, काही बदल नसला तरी, ऑनलाइन कायम करावी लागते, नाहीतर तो क्रमांक निष्क्रिय होतो. तसेच आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा जीएसटी) न भरता माल पाठवण्यासाठी लागणारे एलयूटी, म्हणजे हमीपत्र, प्रत्येक आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावे लागते. या दोन्ही नोंदी तुम्ही आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने करून ठेवल्यात.

नावाच्या बाबतीत तुमचा काटेकोरपणा मला सुरुवातीला अतिरेकी वाटला. पॅनवर, जीएसटीत, बँक खात्यावर आणि आयईसीवर आमच्या उद्योगाचे नाव अक्षरशः एकसारखे आहे का, हे तुम्ही भिंग घेऊन तपासलेत. बँकेच्या नोंदीत ‘गृह’ आणि ‘उद्योग’ यांच्यामध्ये पडलेली एक मोकळी जागा दुरुस्त होईपर्यंत एडी कोडचे (कस्टम्सकडे नोंदवायच्या बँकेच्या क्रमांकाचे) पत्र पुढे सरकू दिले नाहीत. कस्टम्सची संगणकप्रणाली माणसासारखी समजून घेत नाही, असे तुमचे म्हणणे होते. माल बंदरात उभा असताना असा फरक निघाला, तर त्याचे भाडे आपल्यालाच भरावे लागते, हे कळल्यावर तो अतिरेक राहिला नाही.

एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठीचा मालाच्या वर्गाचा क्रमांक, ठरवताना ताजी केळी आठव्या प्रकरणात आणि तळलेले वेफर्स मात्र विसाव्या प्रकरणात जातात, हे तुम्ही दाखवलेत. कोडचे पहिले सहा अंक जगभर सारखे आणि पुढचे अंक त्या त्या देशाचे असल्यामुळे, दुबईच्या आयातदाराकडून त्यांच्या बाजूचा कोड आधी लेखी मागवायला लावलात. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यातील शुल्कसवलत घ्यायची, तर उत्पत्तीचे प्रमाणपत्र लागते आणि त्यावरचा कोड व वर्णन इन्व्हॉइसशी जुळावे लागते.

सर्वांत नवल वाटले ते लाकडाचे. वेफर्स तळलेले असल्यामुळे त्यांतून कीड जाण्याचा प्रश्न उरत नाही आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र सहसा कोणी मागत नाही. पण ज्या लाकडी पॅलेटवर खोकी रचायची, त्या लाकडात कीड असू शकते. म्हणून ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले किंवा मान्य पद्धतीने धुरी दिलेले हवे आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का हवा. आमच्या सुताराने स्वस्तात करून दिलेली पॅलेट तुम्ही बाजूला काढलीत. ती आता गोदामात कांद्याच्या गोण्यांखाली आहेत.

लेबलच्या कामात तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात आणि तो सार्थकी लागला. आपल्याकडे घाण्याच्या शेंगदाणा तेलात तळलेले वेफर्स म्हणजे मोठेपणाची गोष्ट. अमेरिकेतून चौकशी आली, तेव्हा तेच तेल अॅलर्जीच्या यादीत येते, हे तुम्ही लक्षात आणून दिलेत. तेथील कायद्यात अतिशुद्ध केलेल्या तेलाला सूट आहे, पण घाण्याच्या तेलाला ती मिळत नाही. १ जानेवारी २०२३ पासून तीळही त्या यादीत नववा घटक म्हणून आला असल्यामुळे, ज्या कढईत तिळाचे पदार्थ तळतो ती वेगळी करावी लागली. हळद आम्ही घरचीच चांगली समजत होतो. पण हळदीला रंग यावा म्हणून शिशाचे संयुग मिसळण्याचे प्रकार उघडकीला आलेले असल्यामुळे, परदेशी खरेदीदार शिशाची तपासणी मागतो. तेव्हापासून हळदीच्या प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल फाइलला असतो. पाकिटावर ‘जळगावची केळी’ असे ठळक छापण्याचा आमचा विचारही तुम्ही थांबवलात. २०१६ साली मिळालेले भौगोलिक मानांकन केळीला आहे, वेफर्सना नाही, आणि ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, हे त्यामागचे कारण होते.

एक उपकार मात्र रुपयांत मोजता येईल असा आहे. ‘अमेरिकेचे एफडीए (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे) प्रमाणपत्र’ मिळवून देतो म्हणून एक सल्लागार आमच्याकडे मोठी रक्कम मागत होता आणि चौकट लावलेला नमुनाही त्याने दाखवला होता. तुम्ही शांतपणे सांगितलेत की, अन्न कारखान्याच्या नोंदणीसाठी एफडीए शुल्क घेत नाही आणि असे प्रमाणपत्र देतही नाही. अमेरिकेत राहणारा एजंट नेमावा लागतो, तो पैसे घेईल. प्रत्येक मालाची पूर्वसूचना द्यावी लागते. आणि सम वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्या सल्लागाराला आम्ही चहा दिला आणि निरोप दिला.

तुम्ही फी घेतली नाहीत. वेफर्सचे खोकेही पथ्याचे कारण सांगून परत पाठवलेत, याचे वाईट वाटले. म्हणून तुमच्या परवानगीने एवढे केले आहे की, आपल्या फाइलची किमती आणि ग्राहकांची नावे वगळलेली प्रत कारखान्याच्या कचेरीत ठेवली आहे. खान्देशातील कोणाही वेफर्स करणाऱ्याने येऊन ती पाहावी, उतरवून घ्यावी. नियम बदलले की तिच्यात दुरुस्ती करण्याची जबाबदारी माझी. फक्त पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही दुरुस्ती केलेली पाने घेऊन येऊ, तेव्हा ती तुम्ही एकदा नजरेखालून घालावीत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
केळी वेफर्स गृहउद्योगाची संचालिका
तालुका यावल, जिल्हा जळगाव